स्वेटरची आतली बाजू

भोपाळ
६ नोव्हेंबर १९९७

अण्णा,

पार्सल परवा मिळालं. अक्षताला गुलाबी रंग फार आवडला. पण घालताना रडली, कारण गळा इतका आवळलेला की मी आणि सोमेशनी दोन बाजूंनी ताणून डोकं बाहेर काढलं. अव्वाच्या हातचा गळा कधी असा होत नाही.

दर दिवाळीच्या स्वेटरबरोबर अव्वाची चिठ्ठी असते. 'धुताना पिळू नकोस, सावलीत वाळव.' मला पाठ आहे, तरी ती लिहिते. या वेळी तेच वाक्य तुझ्या अक्षरात आलं. मी तिला श्रावणापासून दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. शेजारी गणपतरावांच्या घरी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तूच आलास. एकदा अव्वा झोपलेली, एकदा देवळात गेलेली आणि एकदा अंघोळीला. दुपारी चार वाजता अंघोळ?

माझं बी.एड. बरं चाललंय. सकाळी कॉलेज, दुपारी अक्षता, तिचे बाबा कारखान्यातून आले की पुन्हा वह्या. वर्गात मीच सगळ्यांत मोठी, मुली मला 'दीदी' म्हणतात. परीक्षा एप्रिलमध्ये.

गेल्या वर्षी मे महिन्यात आले होते तेव्हा अव्वा सारखा उजवा हात पदराखाली धरून बसायची. तेव्हा मी विचारलं नाही. आता विचारते. माझीही आई आहे ती. तिला काही झालंय का?

तुझी सौंदा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर ९७

सौंदे,

पत्र मिळालं. अव्वा बरी हाय. डोळ्याला जरा कमी दिसतंय म्हणून चिठ्ठी मी लिवली, त्यात एवढं काय. अंघोळीचं म्हणशील तर त्या दिवशी लई उकडत हुतं. शेजारच्या पिंट्याच्या आईनंबी चारलाच केली अंघोळ, पायजे तर इचार तिला.

गळा आवळला असंल तर वल्ला करून ताण, हुतो सैल.

माझ्या दुकानात मोटरींचा नुसता ढीग लागलाय. उसाला पाणी द्यायच्या टायमाला बावड्याच्या निम्म्या मोटरी जळत्यात आणि समदी माझ्याच डोक्यावर येऊन बसत्यात. वाइंडिंग करून करून बोटं सोलली.

तू अभ्यास कर. एप्रिल हुईस्तवर हिकडं यायचं नाव काढू नकोस. जावईपाव्हण्यांना नमस्कार.

शशिधर


भोपाळ
१ डिसेंबर १९९७

अण्णा,

शेजारणीच्या अंघोळीची साक्ष तू कशाला काढलीस? तू खरं बोलतोस तेव्हा पत्र चार ओळींचं असतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी स्वेटर उलटा करून खिडकीत घेऊन बसले. मी आठ वर्षांची असल्यापासून अव्वाच्या गुडघ्याला टेकून विणकाम शिकले. पेठेतल्या किती मुली तिच्याकडे शिकून गेल्या, पण तिचा हात मला डोळे मिटून ओळखता येतो. तिच्या विणीत लोकरीची टोकं कुठे संपली ते सापडत नाही. या स्वेटरच्या आत सात गाठी आहेत. टाके इतके ओढून घातलेत की सुईचं टोक शिरत नाही. एक बाही दुसरीपेक्षा तीन ओळींनी लांब आहे. आणि वास येतो, अण्णा. दोनदा धुतला तरी वार्निशसारखा वास जात नाही. हा स्वेटर अव्वाचा नाही.

आता दुसरं. मी आपल्या वाड्यातल्या शालूबाईंना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं. लिहितात, गणपती झाल्यापासून चन्नम्मा, म्हणजे आपली अव्वा, कुणाच्या नजरेस पडलेली नाही. विणकामाचा वर्ग बंद. भेटायला गेलं तर सूनबाई दारातूनच परत लावते, 'आत्ताच डोळा लागलाय' म्हणते. गॅलरीचं दार कायम लावलेलं. आणि वहिनी बालवाडीत शिकवायला गेली की रोज दुपारी एक बुरख्यातली बाई पिशवी घेऊन मागच्या जिन्यानं वर जाते, त्याच वेळी तूही दुकान सोडून घरी येतोस, आणि आतून कडी लागते.

शालूबाई तिखटमीठ लावतात हे मला ठाऊक आहे. पण सगळंच तिखटमीठ नसतं. ती बाई कोण? स्वेटर तिच्याकडून करून घेऊन अव्वाच्या नावावर पाठवलात का? वहिनीनं अव्वाला कुठल्या खोलीत ठेवलंय? वहिनीचं आणि अव्वाचं कधी फारसं जुळलं नाही हे मी बघितलंय, म्हणून विचारते. तुला राग येईल. येऊ दे.

सौंदा


मंगळवार पेठ
१२ डिसेंबर

सौंदे,

राग आला. शालूबाईला जिना मोजण्याबिगर दुसरा उद्योग न्हाय. तू तिचं ऐकून सख्ख्या भावाच्या घरात डोकवायला लागलीस व्हय? आणि विद्याला कायबी बोलायचं न्हाय. एकदा सांगितलं.

अव्वा मुरगूडला मामाकडं गेलीया. हवापालट. मामानं सोता येऊन नेली, जीप घिऊन आलता. संक्रांत करूनच येणार म्हणतीया. तिथं मळ्यात फोन न्हाय, त्यामुळं फोन करू नकोस. मामाच्या म्हशीला रेडी झालीया, अव्वा तिच्यातच रमलीया.

तुझा पाठ कुठल्या विषयाचा हाय ते कळीव. पोरीला लाड.

शशिधर


भोपाळ
२ जानेवारी १९९८

विद्याश्रीवहिनी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे अण्णाच्या हाती पडणार नाही. असं चोरून लिहायची वेळ आपल्यावर यावी याचं वाईट वाटतं.

अण्णानं लिहिलं, अव्वा मुरगूडला आहे. मी मामांना पत्र टाकलं. मामांचं उत्तर काल आलं. 'अक्का दसऱ्याच्या आधीपासून इकडे आलेली नाही. सगळं ठीक ना?' जीप नाही, हवापालट नाही. म्हशीला रेडीसुद्धा झालेली नाही, वहिनी. म्हैस मामांनी गेल्या वर्षीच काढून टाकली.

काल दिवसभर मी स्वयंपाक केला, अक्षताची वेणी घातली, एक पाठ काढला, आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. तो लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. अव्वा आहे ना?

तुम्ही मला आवडत नाही असं तुम्हाला नेहमी वाटत आलं असेल. खरंही असेल थोडं. मला तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही, कारण दारात तुम्ही उभ्या असता असंच सगळे सांगतात. तरी उत्तर तुमच्याकडेच मागते आहे. पंधरा तारखेपर्यंत पत्र आलं नाही तर कॉलेजात नाव काढून मी निघते. परीक्षा गेली तर गेली.

सौंदर्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ जानेवारी १९९८

वन्सं,

अव्वा आहेत. हे पहिल्यांदा वाचा, मग थोडं पाणी प्या, मग पुढचं वाचा.

त्यांना कंपवात आहे. दोन वर्षं झाली. तुम्ही मे महिन्यात आला होता तेव्हाच हात हलायला लागला होता. सुया हातात असल्या की कळायचं नाही, म्हणून त्या सारख्या विणत बसायच्या. श्रावणात मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. बोलणं फार बारीक झालंय, ओठांशी कान नेला तर ऐकू येतं. त्यांना फोनवर आणून उपयोग नव्हता, आणि आणलं असतं तर तुम्हाला तिथंच सगळं कळलं असतं.

तुम्हाला कळवायचं नाही ही अव्वांची शपथ. दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर नेताना त्यांनी तुमच्या अण्णांचा हात धरून घातली. म्हणाल्या, "तिच्या अप्पांच्या आजारात सौंदा बी.एड. अर्धवट टाकून आली, पाच महिने उशाशी बसली आणि परत कधी कॉलेजात गेली नाही. आता सात वर्षांनी पुस्तक हातात घेतलंय. माझ्यापायी पुन्हा ठेवलं तर मी अन्न घेणार नाही." त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. श्रावणात आम्हाला ते बरोबर वाटलं. आता वाटत नाही.

दारातून लोकांना परत लावते ती मीच. तेही त्यांनीच सांगितलंय. पेठेतल्या पोरींना ज्या हातांनी शिकवलं ते हात लोकांनी असे बघायला नकोत. मग वाईट कुणी व्हायचं? मी झाले. शालूबाई मला काय म्हणतात ते मला खाली नळावर ऐकू येतं.

आता स्वेटरचं. वन्सं, तुम्ही चार महिन्यांनी संशय घेतलात, मी त्याच्या आधी घेतला होता. नवऱ्याचा.

ऑक्टोबरात एक दिवस बालवाडी लवकर सुटली. बारा वाजता घरी आले तर दाराला आतून कडी. आत तुमच्या अण्णांचा आवाज, आणि एका बाईचं हसणं. महिनाभर मी बघत होते की दुपारी दुकान बंद असतं. विचारलं तर 'तार आणायला गेलतो' म्हणायचे. दुकानातला माणूस म्हणायचा, तार कालच आली. मी काय समजायचं? हातातली पिशवी जिन्यावर ठेवली. मग दोन्ही हातांनी दार बडवलं.

कडी काढली मेहरुन्निसाबींनी. तुम्हाला आठवत असतील, अव्वांच्या पहिल्या वर्गातल्या, शमशुद्दीनभाई टेलरांच्या घरातल्या. आत अव्वा उशांना टेकून बसलेल्या. आणि खाली चटईवर मांडी घालून, बनियनवर, मांडीत गुलाबी लोकर घेऊन तुमचे अण्णा. तालमीत जोर मारून झालेले ते दंड, आणि त्या एवढ्या बोटांत दोन बारक्या सुया. मला बघून त्यांनी लोकर धोतराखाली लपवायला बघितली. सुई टोचली म्हणून ओरडले.

मेहरुन्निसाबी म्हणाल्या, "भाभी, आता तुमीच सांगा ह्येंना. मोटरीची तार वढल्यावानी लोकर वढत्यात. चारदा उसवलं."

तर अव्वांच्या हातून सुया सुटल्यावर त्या तीन दिवस जेवल्या नव्हत्या. दिवाळीचं पार्सल गेलं नाही तर सौंदाला कळेल, हा एकच घोर. मेहरुन्निसाबी म्हणाल्या मी विणते, तर अव्वा नको म्हणाल्या. स्वेटर घरातल्याच हातचा जायला पाहिजे. मला विचारायचा प्रश्न नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला दोनदा शिकवून बघितलं आणि तिसऱ्यांदा सुया काढून घेतल्या. तेव्हा अण्णा म्हणाले, मी करतो. मेहरुन्निसाबी टाका दाखवायच्या, अव्वा ओठांनी मोजायच्या, चुकलं की मान हलवायच्या, की पुन्हा उसवायचं. सात आठवडे लागले. तुम्हाला सापडल्या त्या सात गाठी त्यांच्याच. वास दुकानात मोटरींच्या तारांना लावतात त्या वार्निशचा आहे, तो त्यांच्या हातांचा जातच नाही.

मला का सांगितलं नाही, म्हणून मी दोन दिवस बोलले नाही. म्हणाले, "तू हसली असतीस." मी हसले असते, हे खरं आहे.

शपथ मी मोडली. अण्णांना अजून सांगितलेलं नाही, आज जेवताना सांगेन. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कॉलेजात नाव काढू नका. नाव काढून आलात तर अव्वा तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि आता त्यांचे बोल फार थोडे उरलेत.

विद्याश्री


मंगळवार पेठ
९ जानेवारी

सौंदे,

विद्यानं सांगितलं. मी लई वरडलो. म्हशीचं मी उगच लिवलं.

ये. पुस्तकं घिऊन ये. अव्वाला अजून म्हाईत न्हाय तू येणार ते. तालमीतल्या कुणाला स्वेटरचं बोलू नकोस.

अण्णा


भोपाळ
३ फेब्रुवारी १९९८

वहिनी,

काल पोचले. अक्षता मला सोडून सोमेशजवळ राहिली, नऊ दिवसांत दोन किलो वजन घटवून बसली आहे असं तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात. आज कॉलेजात जाऊन आले. हजेरी थोडक्यात वाचली.

जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते.

मी आले त्या दुपारी तुम्ही चहा टाकायला आत गेलात. अव्वानं मला बघितलं, चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं ती रागावली. या आजारात चेहराच हलत नाही हे तुम्ही नंतर सांगितलंत. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. ती ओठांनी काही म्हणाली, मी कान नेला. "पुस्तकं?" मी पिशवी दाखवली. तिनं डोळे मिटले.

आणि मग मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. तिला कुशीवर वळवलं आणि पाठीवरचं लुगडं वर करून बघितलं. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या पाठीला काय होतं ते मी अप्पांच्या वेळी बघितलंय. पाच महिने मी स्वतः करत होते, तरी अप्पांची पाठ सडली होती. मी मनाशी म्हटलं, पत्रात कुणीही काहीही लिहील, पाठ खोटं बोलणार नाही. तुमचं ते एवढं मोठं पत्र वाचूनही मी हेच केलं, वहिनी. गाडीत दोन दिवस मी हेच ठरवत आले होते.

पाठीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. खोबरेलाचा वास येत होता. मी मान वर केली तर तुम्ही दारात, हातात रिकाम्या कपबश्या.

मला वाटलं आता तुम्ही ओरडाल. तुम्ही कपबश्या खाली ठेवल्या, जवळ आलात आणि म्हणालात, "टाचा राहिल्या. टाचाही बघून घ्या." आणि स्वतः पायावरचं पांघरूण काढलंत.

त्यानंतर नऊ दिवस आपण शेजारी बसून जेवलो, अव्वाला दोन तासांनी कूस बदलून दिली, तुम्ही मला डाव्या हातानं मानेखाली कसा आधार द्यायचा ते शिकवलंत. त्याबद्दल एक शब्द तुम्ही काढला नाहीत. मीही नाही. स्टँडवर गाडी सुटताना तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "पोचल्यावर पत्र टाका." म्हणून हे टाकते आहे.

माझं चुकलं. माफी मागायला मला शब्द पुरत नाहीत. आणि खरं सांगायचं तर शरम त्या दिवशी वाटली नाही, कालपासून वाटते आहे.

तुमची सौंदर्या


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ फेब्रुवारी १९९८

सौंदर्या वन्सं,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग अव्वांच्या खोलीत न ठेवता माझ्या पेटीत ठेवलं.

त्या दिवशी मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आत जाऊन मी चहा ओतून टाकला आणि दुसरा टाकला, कारण पहिला उतू जाऊन करपला होता. एवढे महिने मी रोज जी पाठ पुसते ती कुणी तपासावी, हे लागतंच. पण नंतर मनात आलं, माझी आई कुणाच्या घरी अशी पडली असती तर मीही आधी पाठच बघितली असती आणि मग घरातल्यांचं तोंड. तेव्हा तो विषय संपला. पुन्हा लिहू नका.

आता दार उघडं ठेवते. अव्वांना न विचारताच ठेवायला लागले. पहिल्या दिवशी शालूबाई आल्या, उंबऱ्यात थबकल्या आणि पदर डोळ्यांना लावला. अव्वांनी मला खुणेनं बोलावून कानात सांगितलं, "तिला म्हणावं, रडायचं असेल तर घरी जा." मी तसंच सांगितलं. शालूबाई तेव्हापासून रोज येतात आणि रडत नाहीत.

अभ्यास करा.

विद्याश्री


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२६ एप्रिल १९९८

वन्सं,

तुमचे पेपर संपले असतील. इकडचं कळवते.

तुम्ही वेळापत्रक पाठवलंत ते अण्णांनी अव्वांच्या समोर भिंतीवर चिकटवलं. तारीख, विषय, दहा ते एक. पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी मी त्यांचं अंग पुसलं तर म्हणाल्या, "चांगलं नेसव." मला वाटलं कुणी येणार आहे. मी विचारलं, तर भिंतीकडे बघितलं.

पावणेदहाला म्हणाल्या, "बसव." आता त्यांना अर्ध्या तासावर बसवत नाही, डॉक्टरांनीही सांगितलंय. मी म्हटलं, अव्वा, कमरेत कळ येईल. तर पुन्हा भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मी आणि तुमच्या अण्णांनी मिळून उशा लावल्या आणि बसवलं.

दहाला बसल्या. साडेदहाला मी म्हटलं आडव्या व्हा. मान हलवली. अकराला पाणी दिलं, दोन घोट घेतले, पुन्हा समोर बघायला लागल्या. अण्णा दुकानात गेलेच नाहीत, कडेला उशी धरून बसून राहिले. कपाळावर घाम आला तो मी पुसत होते. साडेबारानंतर मान कलंडायला लागली तशी अण्णांनी खांदा दिला. मेहरुन्निसाबी आल्या होत्या, त्यांनी दाराशीच चप्पल काढली आणि आवाज न करता बसल्या.

एक वाजला. मी म्हटलं, "अव्वा, एक वाजला."

त्यांनी श्वास सोडला. म्हणाल्या, "सुटला." आणि मग आम्ही त्यांना निजवलं.

सगळ्या पेपरांना अशाच बसल्या, वन्सं. शेवटच्या पेपरला मात्र सव्वाबारापर्यंतच बसवलं. मी म्हटलं, आता पुरे. तर म्हणाल्या, "येतंय तेवढं लिहून झालंय तिचं. निजव मला."

विद्याश्री